दोन फॉर्म

डुलूथच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
रात्री पावणेदोनला
मी मांडीवर फॉर्म घेऊन बसलोय.
दोन फॉर्म. मुलगे दोन, म्हणून.
नावं अजून ठरली नाहीत, तेव्हा वर छापलंय
बाळ अ, हाल्वर्सन.
बाळ ब, हाल्वर्सन.
खाली एक चौकोन, सुंता करावी.
त्याच मापाचा दुसरा, करू नये.
मग सहीची रेघ,
ट्रकच्या कर्जाच्या कागदावर होती तेवढीच लांब.

मार्लिस झोपलीय, पोटावर टाके, तोंड किंचित उघडं.
संध्याकाळी म्हणाली, तो अवयव तुझ्याकडे आहे,
तूच सांग.
मी काय सांगणार?
जे मला आठवतच नाही ते दुखलं की नाही,
आणि जे कधी माझं नव्हतंच
ते गेल्याचं वाईट वाटतं की नाही.
मी म्हणालो, माझ्यासारखे दिसू देत.
ती म्हणाली, नाक घेतलंय की तुझं दोघांनी,
अजून किती सूड घेशील?
आम्ही हसलो. मग तिचे टाके दुखले.

डॉक्टरांनी आकडे दिलेत, दोन्ही बाजूंचे.
हॉकीच्या संघांसारखे ते समोरासमोर उभे,
आणि शिट्टी माझ्या हातात,
जन्मात कधी बर्फावर धड उभा न राहिलेल्या माणसाच्या.

शेरिलिन नर्स बाटल्या घेऊन येते.
तिचं गाव कुठल्याशा बेटावर, इथून दोन विमानं आणि एक बोट.
आमच्याकडे, ती सांगते, मुलं नऊ-दहा वर्षांची झाली
की उन्हाळ्याच्या सुट्टीत करतात.
माझा धाकटा भाऊ आठवडाभर
माझा झगा घालून हिंडत होता, पाय फाकवून.
मी विचारतो, त्याला विचारलं होतं का कुणी?
ती बाटली मनगटावर थेंब टाकून पाहते.
विचारलं ना. वर्गातल्या सगळ्यांनी रोज विचारलं,
तुझं झालं का, तुझं झालं का.

मग जाता जाता, अगदी सहज,
ब चं आत्ता नाही करणार हं.
सतराशे तीसच भरलाय. त्याला वाढू दे आधी.

म्हणजे सकाळी सातला प्रश्न फक्त अ चा.
नऊ महिने एकमेकांच्या गुडघ्यांत झोपलेले दोघे,
आणि पहिला फरक
मी बॉलपेनने करायचा.

हिबिंगला आई जागीच असते या वेळी,
बेकरीत, कढईपाशी.
मागे तेलाचा आवाज. मी विचारलं,
आई, माझ्या वेळी सही कुणी केली होती?
कसली सही?
मी सांगितलं. तेल तडतडत राहिलं.
नाही रे, म्हणाली, कुणी विचारलंच नाही.
तुला घेऊन गेले, परत आणलंस—आणलं,
लंगोट बदलताना मला दिसलं.
मला वाटलं असंच करत असतील.
तुझे बाबा नाईट शिफ्टला. कुणाला विचारणार?
मग बराच वेळ काही नाही.
मग, रडत होतास का ते आठवत नाही मला,
आठवायला हवं होतं, नाही का?
मी म्हणालो, आई, तुझे डोनट जळतील.

खिडकीबाहेर तळं गोठलेलं, बोटी बंद,
पांढऱ्यावर पांढरं, कुठे काठ संपतो कळत नाही.
मी उठतो.
काचेपल्याड ब. छातीवर तारा,
माझ्या अंगठ्याएवढं लंगोट.
भोकातून हात आत घालतो,
तो माझं बोट धरतो,
किंवा हात मिटतो आणि मध्ये माझं बोट असतं.

सहाला मार्लिस जागी होते.
ठरलं?
सतराशे चाळीस, मी म्हणतो.
काय?
ब. रात्रीत दहा ग्रॅम वाढलाय.
ती माझ्याकडे बघत राहते,
मग हात पुढे करते, फॉर्मसाठी असं मला वाटतं.
पाणी दे, म्हणते.